आतोबांची उसनी अब्रू

ताश्कंद, मुलींचं वसतिगृह
४ फेब्रुवारी १९९८

ती. सनोबर आत्यास,
ओयदिनचा शि. सा. सलाम, वि. वि.

पत्र बोतिरभाईंच्या गाडीतून पाठवतेय, म्हणून पाकीट उघडंच ठेवलंय. ओळखीच्या माणसाच्या हाती चिकटवलेलं पाकीट देणं म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणणं, हे तुम्हीच शिकवलंत. कामचिकच्या घाटात बर्फ असलं तरी ते आठवड्यातून दोनदा मार्गिलानहून येतातच, त्यामुळे उत्तर लवकर मिळेल अशी आशा आहे.

काम असं आहे. माझ्या प्रबंधाचा विषय ठरला. इंग्रजी आणि उझबेक भाषांत माणसाच्या दुर्गुणांसाठी कोणकोणते वाक्प्रचार आहेत, ते गोळा करून शेजारीशेजारी मांडायचे. आई म्हणाली, जगात सद्गुण संपले का गं, घाणच का उपसायची? पण आमच्या गाइडबाईंना विषय फार आवडला. इंग्रजीची पुस्तकं इथे आहेत. उझबेकची पुस्तकं म्हणजे तुम्ही. तुमच्या तोंडाला तोड नाही असं बाबाच म्हणतात. प्रत्येकाला खरं उदाहरण मात्र हवं, म्हणजे तो दुर्गुण नेमका कसा ते कळतं.

दुसरी बातमी तुम्हाला ठाऊकच आहे. तुमच्या शेजारच्या मस्तुराआपांच्या धाकट्या मुलाला, नोदिरला, आईने जवळजवळ होकार दिलाय. येत्या २१ मार्चला, नवरोजला, नान मोडून साखरपुडा करायचा. एकदा नान मोडली की मागे फिरणं नाही. परवा तो भावाच्या, म्हणजे बोतिरभाईंच्याच, गाडीतून इथे आला होता. डाळिंबं आणली, खाली मान घालून बोलला, लग्नानंतरही शीक म्हणाला. चांगला वाटला. आई म्हणते, तिने तुम्हाला चौकशीचं विचारलं तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात की शेजारी आहेत, माणसं आहेत. आत्या, हे कसलं उत्तर?

आतोबांना सलाम. लोभ आहेच, सोबत दुर्गुणही भरभरून पाठवावेत.

तुमची,
ओयदिन

•

मार्गिलान
१२ फेब्रुवारी

चि. ओयदिनला अ. उ. आ.

पत्र पोचलं. मस्तुराआपांनी वाचून मगच माझ्याकडे दिलं, त्यांचाही तुला आशीर्वाद. नोदिरबद्दल विचारलंस. उंच आहे. दात सरळ आहेत. भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजाऱ्याबद्दल याहून जास्त बोलू नये, अशी आपल्याकडची रीत आहे.

आता तुझं काम. उदाहरणांसाठी लांब कशाला जाऊ? घरात तुझे आतोबा आहेत ना!

ज्याच्या भुवयांतून बर्फ पडतो, तो माणूस कसा असतो ठाऊक आहे? दिवसभर चहाखान्यात हसतखेळत असतो आणि घराचं दार ओलांडलं की असं तोंड करतो की मांजरसुद्धा चुलीमागे लपतं. तुझे आतोबा तसे. पिसवेवर रागावून रजई जाळणारा म्हणजेही तेच. मागच्या आठवड्यात मी चहाचा पियाला चुकून, नकोशा पाहुण्याला देतात तसा, काठोकाठ भरून दिला, तर म्हणाले, मला पाहुणा समजून हाकलतेस का? आणि पियाला भिंतीवर फेकला. आणि सापाची चरबी चाटलेला म्हणजे पक्का बेरकी. बाहेरच्यांशी बोलताना याच्या जिभेवर मध असतो. आणखी एक लिहून घे, जनावराचे डाग बाहेरून दिसतात, माणसाचे आत असतात.

मस्तुराआपा म्हणतात, सनोबर, इतकं सोसतेस आणि आम्हाला पत्ता नाही! मी म्हटलं, आपा, चार भिंतींत काय चालतं ते कुणाला दिसतं.

थंडी फार आहे. लोभ ठेव आणि कान झाकून हिंड.

तुझी आत्या,
सनोबर

•

ताश्कंद
१७ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. सलाम, वि. वि.

तुमचं पत्र वर्गात वाचलं आणि गाइडबाई खुर्चीतून उठल्याच! इंग्रजांच्या दुर्गुणांत नुसती जनावरं, गवतात दडलेला साप, मेंढीचं कातडं पांघरलेला लांडगा. आपल्याकडे चरबी, रजया आणि हवामान. बर्फाच्या भुवयांवर तर एक पूर्ण प्रकरण होईल म्हणाल्या.

पण आत्या, खरं सांगू? माझं डोकं चक्रावलंय. हे कोणत्या आतोबांबद्दल लिहिलंत? मी लहानपणी सगळे उन्हाळे तुमच्याकडे काढले. कोंबडी अंगावर आली की आतोबा ओट्यावर चढायचे. ते पियाला फेकतात? तुमचं भांडण झालंय का? का वय झालं की माणूस बदलतो? रात्रभर हाच विचार केला. आईला विचारलं तर ती म्हणाली, नवराबायकोत पडू नकोस, आणि मस्तुराआपांनी तुझ्यासाठी अत्लस रेशमाचा कपडा घेतलाय, त्याचा विचार कर.

नोदिर पुन्हा येऊन गेला. माझी पुस्तकं हातात घेऊन बघितली, एवढी कशाला लागतात म्हणाला, मग हसला. मीही हसले. हसायचं होतं की नाही, ते अजून कळलेलं नाही.

तुमच्या लोभाचीच नव्हे, आता तुमचीही काळजी वाटणारी,
ओयदिन

•

मार्गिलान
२५ फेब्रुवारी

चि. ओयदिनला अ. उ. आ.

बाई गं, तू एवढी शिकलीस, पण शिकताना अक्कल कुठे गहाण ठेवलीस? उदाहरण मागितलंस, दिलं. आता उदाहरणावरच शंका!

तर आणखी घे. चोगा उलटा घालणारा म्हणजे एकदा अडून बसला की खुद्द देव आला तरी न ऐकणारा. तुझे आतोबा परवा अडून बसले, मी माझ्या बहिणीकडे जायचं नाही म्हणून. का, तर नाही. माझे जोडे पेटीत घालून कुलूप लावलं. आणि आतून काळा माणूस तो, ज्याला घरातल्या बाईच्या हाती काही दिसलं, मग ती सुई असो की पुस्तक, की पोटात दुखतं. लग्नाआधी हाच माणूस म्हणाला होता, तुला हवं ते कर. हे शेवटचं नीट लिहून घे. अधोरेखित कर.

तुझ्या बाईंना आणखी एक म्हण सांग. मुली, सांगते तुला. सुनबाई, ऐक तू. यात दुर्गुण कोणता ते त्यांनाच शोधू दे. तूही शोध.

मस्तुराआपा रोज येऊन माझं सांत्वन करतात. नवरोजची तयारी जोरात आहे. दिवस थोडे उरलेत, प्रबंधाचं काम लवकर आटप.

डोकं ताळ्यावर ठेव, मग लोभ ठेवलास तरी चालेल.

आत्या

•

मार्गिलान
३ मार्च

चि. ओयदिनला एर्गाश आतोबाचे अ. आ.

हे पत्र बोतिरकडे दिलेलं नाही. आमचा रेशमाचा व्यापारी आज अचानक ताश्कंदला निघाला, त्याच्याजवळ देतोय. तुझ्या आत्याला सांगितलेलं नाही. लिहायची सवय नाही, सांभाळून घे.

पोरी, मी काय केलं गं? चहाखान्यात माझ्या शेजारी कुणी बसत नाही. परवा बोतिरने गाडी थांबवली आणि मला म्हणाला, काका, बायकोशी जरा मायेने वागत जा, या वयात शोभत नाही. मी मान डोलावली. कशासाठी डोलावली ते मलाच ठाऊक नाही. मस्तुराआपा मला बघून दार लावून घेतात.

तुला तर माहीत आहे, आपल्या घरात चहा मीच ओततो. सनोबरचे हात रेशमाच्या रंगाने निळे असतात, मग मीच ओततो. पियाला फुटतो तो मांजराकडून. फुटण्याचा आवाज येतो खरा, रोज संध्याकाळी येतो, पण तो भिंतीपलीकडून. तिथे नोदिर त्याच्या मोठ्या वहिनीवर, बोतिरच्या बायकोवर, झमिरावर ओरडतो. बोतिर बिचारा रस्त्यावर असतो. झमिरा नर्सिंग शिकत होती, तिची पुस्तकं तंदूरमध्ये गेली. ती अंदिजानला आईकडे गेलेली मी कधी पाहिली नाही. शेजारच्या घरचं आहे, मी कुठे बोलू नये, तूही बोलू नकोस.

सनोबरला विचारलं, हे माझ्याबद्दल काय चाललंय? तर म्हणाली, गप्प बसा, तुमची अब्रू मी जरा उसनी घेतलीय, नवरोज झाला की परत देते. मला काही उमगलं नाही. तुला उमगलं तर कळव.

लोभ असावा, निदान तुझा तरी.

एर्गाश

•

ताश्कंद
८ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. सलाम, वि. वि.

प्रबंधाचं काम झालं. तुमची उदाहरणं पुन्हा वाचली, एकेक शब्द वाचला. आतोबांबद्दल तुम्ही जे जे लिहिलंत ते सगळं मी खरं मानते. मला कळायला फार वेळ लागला, माफ करा.

आता माझं ऐका. दुर्गुण गोळा करता करता मी स्वतःकडे बघितलं आणि घाबरले. भुवयांतून बर्फ पडतो तो माझ्या. पिसवेवर रागावून रजई जाळते ती मी. आईला कालच कळवलं की माझा चोगा उलटा झालाय, मला लग्न करायचं नाही. ती रडतेय आणि माझ्याशी बोलत नाही. बाबा म्हणाले, शिकवून चूक केली. नोदिरसारख्या गुणी मुलाच्या गळ्यात माझ्यासारखी धोंड बांधणं मला पटत नाही.

आत्या, हे तुम्हीच मस्तुराआपांना सांगा. मीठमसाला लावून सांगा. त्यांच्या घराला बोल लागायला नको, तुमच्या भिंतीला तडा जायला नको. सगळा दोष माझा. अत्लसचा कपडा एखाद्या चांगल्या मुलीला मिळो, असं म्हणणार होते. पण नको, तो दुकानातच परत जावो.

लोभ आहे, तो अशा वाईट मुलीवरही राहू द्यावा.

तुमची,
ओयदिन

•

कोकंद
२८ मार्च

चि. ओयदिनला अ. उ. आ.

तुझ्या आईबाबांकडे आलेय आणि इथून पोस्टाने लिहितेय. पाकीट चिकटवलंय. मार्गिलानच्या पोस्टात मस्तुराआपांची मावसबहीण, गल्लीतला एकुलता फोन त्यांच्याच घरी आणि गाडी त्यांच्या मुलाची. सांग, मी कुठून बोलले असते? तुझ्या बापाला कळवलं असतं तर तो फावडं घेऊन भांडायला आला असता, आणि शेजाऱ्याचं जुळणारं लग्न मोडलं हा कलंक जन्मभर लागला असता. ते सोसलंही असतं. पण त्या घरी राग निघतो तो झमिरावर. म्हणून लेकी बोले सुने लागे. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा वाटलं, पोरगी किती हुशार, दुर्गुणांच्या आडून मुलाची चौकशी करतेय! मग कळलं, तू खरोखरच प्रबंध लिहितेयस. कपाळावर हात मारून घेतला. तुझ्या आतोबांच्या भाबड्या पत्राने जे काम केलं ते माझ्या शहाणपणाने झालं नाही. रेशीमवाला परत आला तेव्हा ते कळलं.

मी मस्तुराआपांकडे गेले आणि तुझे दुर्गुण सांगितले. त्यांनी दोन्ही हात वर करून देवाचे आभार मानले, नान मोडायच्या आधी कळलं म्हणून! गल्लीतल्या बायका विचारतात, तुझी भाची खरंच अशी आहे का गं? आणि मी म्हणते, हो बाई, लहानपणापासूनच. हे म्हणताना माझी जीभ कशी वळते ते माझं मला माहीत. घरी येऊन रडते. मार्गिलानमध्ये तुला आता कुणी मागणी घालायचं नाही. तुझी आई माझ्याशी जेवणापुरतं बोलते. बोलेल हळूहळू.

मस्तुराआपांनी माझी सगळी पत्रं वाचली, पण त्यांत स्वतःचा मुलगा त्यांना एकदाही दिसला नाही. हे तुझ्या गाइडबाईंना सांग. याला आपल्याकडे वाक्प्रचार नाही, इंग्रजीत असेल तर कळव.

राहिली आतोबांची अब्रू. नवरोज झाला. मी म्हटलं, आता चहाखान्यात जाऊन सांगते की तो सगळा प्रबंधाचा बनाव होता. तर हे चहा ओतता ओतता थांबले आणि म्हणाले, सांगू नकोस. मी तसा नाही हे कळलं, तर मग तसा कोण, हे उद्या कुणीतरी विचारेल. राहू दे माझ्याचकडे. आता चहाखान्यात भुवया आवळून बसतात. दाढ दुखणाऱ्या माणसासारखे दिसतात, पण लोकांना चालतं.

आणि ऐक. मागच्या सोमवारी झमिरा भिंतीवरून सूपचा वाडगा देऊन गेली. वाडगा घ्यायला परत आली ती ओट्यावरच बसली आणि म्हणाली, आपा, तुमचंही माझ्यासारखंच आहे हे माहीत नव्हतं, नाहीतर आधीच आले असते. मग जे बोलायला लागली ते दिवेलागणीपर्यंत. मी तिला खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आतून तुझे आतोबा त्या बारीक आवाजात ओरडले, चहा कुठे मेला? आणि काहीतरी आपटलं. चहा त्यांच्या हातातच होता. आपटली ती माझी लाकडी पळी. झमिराने माझा हात घट्ट धरला. मी खरं तसंच गिळलं आणि तिला जवळ बसवून घेतलं.

आता ती रोज येते. काल कोकंदला निघताना तिने मला एक पाकीट दिलं, अंदिजानला आईला लिहिलेलं. आजवरची तिची सगळी पत्रं नवऱ्याच्या गाडीतून उघडी गेली, सगळीकडे मजेत आहे एवढंच लिहिलेली. हे तिने चिकटवलंय. आत काय आहे ते मी विचारलं नाही. दोन्हीवर तिकिटं लावलीत आणि आता पोस्टात निघालेय.

तुझा प्रबंध पुरा कर. लोभ आहे, तो उसना नाही.

तुझी आत्या,
सनोबर