लेकीने बसवलेली क्लच प्लेट

ठमे,

तू गाढ झोपली आहेस, म्हणून हाक मारली नाही. चहा थर्मासमध्ये ठेवलाय. गाडी घेऊन आईला दवाखान्यातून आणायला जातोय.

सकाळी आधी एकटाच त्या चढावर जाऊन आलो. आईला ॲडमिट करायला नेताना तिथेच इंजिन नुसतं ओरडत होतं आणि गाडी काही पुढे सरकत नव्हती. शेवटी तिला रिक्षाने न्यावं लागलं. आज दुसऱ्या गिअरवर सरसर चढली. जळका वासही नाही. भंगारात घाला म्हणणाऱ्या तुझ्या काकाला वाटेत मुद्दाम बरोबर घेणार आहे.

क्लच प्लेट कुणी बदलली, असं आई विचारेलच. मी गप्प बसेन. ते तुझ्या तोंडूनच ऐकू दे तिला. आणि आम्ही येईपर्यंत हाताचं ग्रीस धुऊ नकोस.

बाबा