मुरगूडचा पाऊस एक दिवस आधी

११ एप्रिल २००३

पोवार सरांनी चौथं प्रकरण परत केलं. तिसऱ्यांदा! समासात लाल शाईनं एकच ओळ – "मुरगूडला जाऊन ये." सात वर्षं या माणसाच्या हाताखाली वळवाच्या पावसावर संशोधन करतेय, आणि हा मला एस.टी.त बसवून गावं फिरायला पाठवतोय. दुसऱ्या कुठल्याही गाईडनं एव्हाना पेढे वाटले असते.

काय चुकलंय माझं? अकरा वर्षांच्या नोंदी. मुरगूडला वळीव पडला की दुसऱ्या दिवशी हातकणंगले आणि कबनूरला पडतो. त्र्याऐंशी वेळा! म्हणजे तिकडच्या पावसाचा अंदाज एक दिवस आधी देता येईल. हे मला सापडलं, त्यांना नाही. तेच खुपतंय.

१६ एप्रिल

भांडण. सगळ्या विभागासमोर. सर म्हणाले, "वळवाचा ढग दोन तासांत मरतो. चाळीस किलोमीटर जायला ह्येला चोवीस तास लागत्यात व्हय? वाटंत जेवायला थांबतोय काय?" सगळे हसले. माझ्याच शेजारच्या टेबलावरचा वीरेश तर टेबल बडवून हसला.

मी म्हटलं, ढग जात नाही सर, ओल जाते. मुरगूडची भिजलेली जमीन दुसऱ्या दिवशी तापते, हवा खालीवर घुसळते, ती वाफ वाऱ्याबरोबर ईशान्येला सरकते. प्रकरण वाचा तरी!

"वाचलंय की. तू मुरगूडला जाऊन ये."

द्वेष वाटतो मला या माणसाचा. लिहून टाकलं. बरं वाटलं.

१७ एप्रिल

वीरेशनं चहाला विचारलं. नको म्हटलं. कधीच नको.

२२ एप्रिल

पुण्याच्या नोकरीच्या जागेसाठी प्रबंध पंधरा मेच्या आत जमा व्हायला हवा. सरांच्या सहीशिवाय होणार नाही. घरी आव्वा म्हणते, "जाऊन ये की एकदा. तुझं काय जातंय?" तीही त्यांच्याच बाजूची!

जाते. पर्जन्यमापकाचा फोटो काढून त्यांच्या टेबलावर आपटते.

२४ एप्रिल

पहिल्या गाडीनं मुरगूड. पर्जन्यमापक स्वच्छ, कुंपण नीट. नोंदी ठेवणारे पिराजी बावीस वर्षं हेच काम करतात. "या पावणं," म्हणाले. त्यांच्या बायकोनं, शालूबाईंनी, चहा दिला. काल संध्याकाळी वळीव झाला होता. साडेआठला पिराजींनी माझ्यासमोर पाणी मापलं. बारा मिलिमीटर. वही उघडली आणि तेवीस तारखेपुढं लिहिलं.

"आज चोवीस आहे," मी म्हटलं.

"पाऊस काल पडला न्हवं?"

नियम असा की सकाळी मापायचं आणि मापलेल्या दिवशीच्या तारखेला लिहायचं. कबनूर, हातकणंगले, सगळीकडे तसंच लिहितात. एकटे हे सोडून!

"कालचा पाऊस आजच्या नावावर कसा लिवायचा, ताई? लबाडी न्हवं व्हय ती?"

मी ओरडले त्यांच्यावर. वाट्टेल ते बोलले. त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "बावीस वर्सांत एक सकाळ चुकीवली न्हाय मी."

चहा तसाच राहिला.

२५ एप्रिल

मुरगूडच्या तारखा एकेक दिवस पुढं सरकवल्या. त्र्याऐंशीपैकी एकोणऐंशी वेळा पाऊस तिन्ही गावांत एकाच दिवशी. नियम नाही. अंदाज नाही. घुसळणीचं ते अख्खं प्रकरण मी घरबसल्या रचलं. मूर्ख! मूर्ख!

२ मे

सरांना संशय होता. मग तोंडानं सांगायला काय झालं होतं? मजा बघत बसले. वीरेशही. हे कळलं तर पुन्हा टेबल बडवतील. नव्यानं सगळं मांडायला दोन वर्षं लागतील. पुण्याची जागा कोण थांबवून ठेवणार आहे?

१२ मे

सरांनी विचारलं, "मुरगूडला जाऊन आलीस?"

"आले सर. वही बघितली. सगळं बरोबर आहे."

 त्यांनी चष्मा काढला. "मग माझंच चुकलं, पोरी," म्हणाले, आणि सही केली.