गुरम्माकाकीचा तांब्या

प्रिय माय,

गेल्या आठवड्यात राहुलचं पार्सल आलं. तुझ्या नातवानं बेंगळूरूहून मला कॅमेरा पाठवलाय, हॉलमध्ये लावायला. मी एकटी राहते, येत्या मार्चला रिटायर होते, गुडघे कुरकुरायला लागलेत, तेव्हा तिथं बसून मोबाइलवर त्याला मी दिसायला हवी. "मम्मी, तू हॉलमधून येत-जात राहा, म्हणजे मला कळेल," म्हणाला. काय कळेल, ते त्यानं बोलून दाखवलं नाही. एवढा शहाणा आहे तो.

कॅमेऱ्याचं खोकं ठेवायला मी माळ्यावर हात घातला आणि फडक्यात बांधलेला तो तांब्या हाताला लागला. पितळी, एका बाजूला पोचा आलेला. मीच बांधून वर टाकला होता. स्टुलावरून उतरले आणि तिथंच फरशीवर बसले. तू जाऊन वर्ष होऊन गेलं, तुझं पुण्यानुमोदन झालं, सगळं रीतसर झालं. पण त्या तांब्याबद्दल तुझ्याशी बोलायचं राहिलं होतं. म्हणून हे लिहितेय.

तुला हळ्ळीखेडहून कलबुर्गीला आणलं तो दिवस आठवतो का? हळ्ळीखेडला रस्त्याकडेच्या प्लॉटवर तुझ्यासाठी हौसेनं घर बांधलं होतं मी. तीन खोल्या, आणि राहायला तू एकटी. समोरच्या घरात गुरम्माकाकी, तीही एकटी. तिचा एक मुलगा सोलापूरला, एक हैदराबादला. तुम्ही दोघी सकाळी एकमेकींच्या कट्ट्यावर असायच्या. ती तुला जयभीम घालायची, तू तिला त्यांच्या रीतीनं शरणू म्हणायचीस. येळवसच्या सणाला तिच्या चुलीवर मिसळभाज्यांची भज्जी शिजायची आणि तू तिथं बसून हिरव्या तुरीच्या शेंगा सोलायचीस. लहानपणी ज्यांच्या आडाला तुला हात लावता येत नव्हता, त्यांच्यातलीच ती. तुमची ही मैत्री म्हातारपणी झाली. त्याचं मला फार अप्रूप वाटायचं, पण तुम्ही दोघी मात्र त्यावर कधी बोलायच्या नाहीत.

तुला चक्कर आली, दवाखाना झाला, आणि मी घराला कुलूप लावायचं ठरवलं. जीप दारात उभी. तू भरलेला तांब्या घेऊन निघालीस. "थांब, एवढा गुरम्माच्या दारात ठिवून येते." मी तो तुझ्या हातातून घेतला, पाणी झाडाच्या मुळाशी ओतलं आणि तांब्या पिशवीत कोंबला. "पाणी देत बसायची वेळ आहे का ही, माय? ड्रायव्हर खोळंबलाय." तू गप्प बसलीस. तशी तू कधी गप्प बसणारी नव्हतीस, तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

इथं आलीस आणि चार दिवस गॅलरीत बसून राहिलीस. तिसरा मजला, खाली सगळ्या गाड्याच गाड्या. पाचव्या दिवशी सकाळी शेजारच्या भारतीबाई माझ्या दारात आल्या, चेहरा उतरलेला. त्यांच्या उंबऱ्यावर कुणीतरी भरलेला तांब्या ठेवला होता, आणि त्या दिवशी अमावास्या होती. त्यांच्या मुलीचं लग्न तेव्हा अडलेलं. आपल्याकडं दारात असलं काही दिसलं की माणसाच्या मनात पहिली भानामतीच येते. त्यांनी तो शब्द उच्चारला नाही, पण तांब्या पायानं सारून लांब ठेवला होता.

मी त्यांची माफी मागितली आणि आत येऊन तुला बोलले. काय काय बोलले, ते मला शब्दन् शब्द आठवतं. "हे खेडं नाही. इथं कुणी कुणाच्या दारात जात नाही. माझी मान खाली घालायला लावलीस."

खरं सांगू? भानामतीचं मला काही वाटलं नव्हतं. पस्तीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवलंय मी. मला भीती वाटली ती वेगळीच. आपल्या हातचं पाणी आपण होऊन दुसऱ्याच्या दारात ठेवायचं, आणि त्यानं ते पायानं सारायचं. मी एवढी शिकले, हा फ्लॅट घेतला, तरी ती भीती माझ्या पोटात तशीच होती. तुझ्या पोटात ती उरली नव्हती, आणि त्याचाच मला राग आला असेल.

तू एवढंच म्हणालीस, "ऱ्हाऊ दे. हितली रीत येगळी आसंल." आणि मी तांब्या माळ्यावर टाकला.

माय, तेव्हा तोंड उघडून का नाही सांगितलंस? इतर वेळी भाजीत मीठ कमी पडलं तरी सगळ्या बिल्डिंगला ऐकू जायचं. एवढी एकच गोष्ट तेवढी गिळून टाकलीस.

पुढचं तुला माहीत आहे, तरी लिहिते. तो वार्षिक परीक्षेचा दिवस होता. मी नऊला घर सोडलं आणि पावणेपाचला कुलूप उघडलं. तू न्हाणीत पडलेली होतीस. खुब्याचं हाड मोडलं होतं, ओठ सुकले होते, हातात प्लास्टिकचा मग होता. तुला घेऊन दिलेला मोबाइल हॉलमधल्या टीपॉयवर चार्जिंगला लावलेला होता, मीच लावून गेले होते. मी गेल्यावर थोड्याच वेळात पडली होतीस. साडेसात तास, माय.

दवाखान्यात भारतीबाई आल्या आणि माझा हात धरून रडल्या. तो मग भिंतीवर आपटल्याचा आवाज त्यांनी ऐकला होता. भिंतीपलीकडंच त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांना वाटलं, मॅडमच्या घरी नळाचं काम चाललंय. मी त्यांना काय बोलणार? दार वाजवून बघायची सवय त्यांना नव्हती, आणि ती लागू नये याची सोय मीच करून ठेवली होती. तू त्यानंतर चार महिने अंथरुणावर काढलेस. मी सुट्टी काढली, बाई ठेवली, हवेची गादी आणली. हे सगळं नंतरचं. आधी काय करायला हवं होतं, ते मला ठाऊकच नव्हतं.

तर पार्सल आलं त्या दिवशी फरशीवर बसून मी तो तांब्या फडक्यानं पुसला. तळाशी कन्नड अक्षरं कोरलेली होती, गुरम्मा. इतके महिने मला वाटत होतं, हा आपला तांब्या. तुला वाचता येत नव्हतं, पण कुणाचा ते तुला माहीत होतं. मला चार भाषा वाचता येतात आणि मी तो कधी उलटा करून पाहिला नाही.

रविवारी सकाळच्या बसनं हुमनाबाद, तिथून हळ्ळीखेड. गुरम्माकाकी कट्ट्यावर बसली होती, कपाळावर विभूती, अंगानं निम्मी झालेली. मी तांब्या तिच्या पुढ्यात ठेवला. तिनं तो मांडीवर घेतला आणि पोच्यावरून बोट फिरवत राहिली.

"काकी, एवढे दिवस मागितला का नाहीस?"

"कामून मागू? बारी तिची व्हती."

मला कळेना. तेव्हा तिनं सांगितलं. एकच तांब्या, दोन घरं. आज तिनं भरून तुझ्या दारात ठेवायचा, उद्या तू तिच्या दारात. ऊन कट्ट्यावर यायच्या आत. तांब्या आला, म्हणजे माणूस उठलंय, चालतंय. नाही आला, तर दुसरीनं जाऊन दार वाजवायचं, आणि उघडलं नाही तर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून दोन माणसं आणून कडी तोडायची. दुकानदारालाही तुम्ही सांगून ठेवलं होतं. मी तिकडं सुट्टीत यायची, तांब्या इकडून तिकडं जाताना बघायची. मला वाटायचं, म्हाताऱ्यांचा काहीतरी खेळ.

"एकडाव मला ताप व्हता," काकी म्हणाली, "तांब्या गेला न्हाई. तुझी माय पायात चप्पल बी न घालता पळत आली. तिनंच मला दवाखान्यात नेलं."

हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

"आन् ती गेल्यापसून, काकी? तुझ्याकडं कोण बघतं?"

"कोन बघायलंय? पोरं फोन करत्यात रातच्याला. सकाळी मीच बघायलेय, समोरच्या कुलपाकडं." मग जरा थांबून म्हणाली, "बारी तिची व्हती ना. म्हनून वाटायचं, येईल."

माय, तिथं मी रडले. तुझ्या अंत्यविधीला एवढी रडले नव्हते. काकीनं मला रडू दिलं आणि मग चहा केला, त्याच तांब्यातल्या पाण्याचा.

त्या दिवशी संध्याकाळच्या बसनं परत यायच्या आधी एक काम केलं. आपल्या घराचं कुलूप काढलं. अंगणवाडीची रेखा नवऱ्याला नि सासूला घेऊन एका खोलीत राहायची, जागा शोधत होती. तिला घर दिलं. भाड्याचं नंतर बघू म्हटलं. अट एकच घातली, तांब्याची. रेखाची सासूही सत्तरीची आहे, तिनं लगेच मान डोलावली. काकी मात्र कुरकुरली. "ती पोरगी सातला उठतीया. तवर तर मी मेलेली आसंन." मग सासूनं तांब्या ठेवायचा असं ठरलं.

बसस्टँडजवळच्या भांड्यांच्या दुकानातून मी एक नवा तांब्या घेतला. दुकानदारानं विचारलं, नाव घालू का? मी नको म्हटलं.

घरी आले आणि पिशवीसकट भारतीबाईंचं दार वाजवलं. त्यांचे यजमान मागच्या वर्षी गेले, मुलगी लग्न होऊन हुबळीला. त्याही आता एकट्याच. आमची दारं दोन हातांवर, आणि तू गेल्यापासून आम्ही जिन्यात हसण्यापलीकडं गेलो नव्हतो. मी त्यांना तांब्या दाखवला आणि सगळं सांगितलं. त्या दिवशी त्यांच्या उंबऱ्यावर काय ठेवलं होतं, ते सांगितलं. आम्ही कोण, तेही सांगितलं, कारण अर्धं सांगून हे जमणार नव्हतं.

त्यांनी दार पूर्ण उघडलं. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही किती वाजता उठता?"

"साडेपाच."

"मी पाचला. मग पहिल्यांदा मी ठेवते." आणि माझ्या हातातून तांब्या घेतला.

सोमवारी सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर तांब्या, काठोकाठ भरलेला. मंगळवारी मी ठेवला. माझं पाणी त्या ओततात की वापरतात, हे बघायचं नाही असं मी ठरवलं होतं. तरी दाराच्या फटीतून बघितलंच. तांब्या उचलून त्या आत गेल्या, आणि पाचच मिनिटांत चहाचा कप घेऊन माझ्या दारात आल्या. माझ्याच पाण्याचा चहा, मी तो दारातच उभी राहून प्यायले.

काल खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर विचारत होते, हे तांब्याचं काय प्रकरण आहे? त्यांची बायको आजारी असते. त्यांना एक तांब्या आणून द्यावा म्हणते.

कॅमेराही लावला. राहुलचं मन का मोडू? पण त्याला सांगितलं, कॅमेऱ्यात मी पडलेली दिसेन, पण उचलायला शेजारचं माणूस लागेल. मग विचारलं, तुझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं रे? त्याला माहीत नव्हतं. विचारून सांगतो म्हणाला.

तुझ्यासाठी मी हे आधी करू शकले असते. एक भिंत आणि एक तांब्या, एवढंच हवं होतं. हे मला जन्मभर बोचणार, आणि तू समजूत घालायला नाहीस. पण एक वचन देते. माझ्या हातात बळ आहे तोवर माझी बारी चुकणार नाही, आणि शेजारचा तांब्या ज्या दिवशी येणार नाही, त्या दिवशी मी चप्पल घालायला थांबणार नाही.

उद्या बारी माझी आहे. आता झोपते.

तुझी,
सुमन