शेंगदाण्याचं बेट

ती. सर,

वर 'ती.' लिहावं की नाही, या विचारात चहा गार झाला. शेवटी लिहिलं. सवय!

तुम्हाला जाऊन महिना झाला. शोकसभेला मी मागच्या रांगेत बसले होते आणि एक शब्द बोलले नाही. पण काल काकूंचा फोन आला. तुमच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघते आहे, मुद्रितं एकदा नजरेखालून घालशील का, म्हणाल्या. "नकाशे तेवढे नीट बघ. हे नेहमी म्हणायचे, सुनंदाची नजर बारीक." आज सकाळी वारज्याला गठ्ठा येऊन पडला. मी सगळ्यांत आधी तिसऱ्या प्रकरणातला नकाशा काढला. बेट जागेवर आहे, सर. म्हणून हे पत्र.

कुठलं बेट? तुम्हाला खरंच कधी कळलं नाही?

एम.ए.चं दुसरं वर्ष आठवा. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या वर्गात आम्ही नऊ जण, त्यात मुली दोन. विभागात मोठा ॲटलास एकच, तोही बाहेर न्यायचा नाही. ज्याला नकाशा हवा, त्याने ट्रेसिंग पेपर आणून तिथेच गिरवायचा. त्याच टेबलाशी बसून, खिशातले भाजलेले शेंगदाणे खात तुम्ही शिकवायचात. मोंबासावर बोट ठेवून म्हणायचात, आता इथे उभं राहून पुण्याकडे बघा. आणि मी बघायचे! नन्सच्या शाळेत मला इंग्लंडच्या नद्या पाठ झाल्या होत्या. आफ्रिका तुम्ही दाखवलीत. तेवढी खूश मी नंतर क्वचितच झाले, आणि हे कबूल करताना अजून राग येतो.

पूर्व आफ्रिकेतल्या नव्या स्वतंत्र देशांनी आपली बंदरं कशी उभी केली, यावर मी प्रबंधिका लिहिली. इंग्रजीत. एक तळटीप राहिली तर तुम्ही अख्खं प्रकरण परत करायचात. ज्याचं वाक्य, त्याचं नाव पानाच्या तळाशी, नाहीतर ती चोरी, हे तुमचंच ना?

किनारा गिरवताना मोंबासाच्या पूर्वेला, भर समुद्रात, एक तांबूस ठिपका दिसला. मी तो इमानदारीने बेट म्हणून काढला. नाव काही सापडेना. चार दिवसांनी ॲटलास पुन्हा उघडला, तर बेट पंख्याच्या वाऱ्याने उडालं. तुमच्या शेंगदाण्याचं फोलपट होतं ते! एकटीच हसत सुटले. नवा नकाशा काढून प्रबंधिकेला जोडला. पहिला, बेटासकटचा, कच्च्या प्रतीबरोबर तुमच्याकडे राहिला. वाचून देतो, म्हणाला होतात. अजून वाचताय का?

पुढे मी पीएच.डी.चं विचारलं. विषय तुझ्या आवाक्यातला नाही, म्हणालात. शिवाय कॉन्व्हेंटच्या मुलींचं मराठी ऐकून आफ्रिकेलाही हसू येईल, त्यापेक्षा बी.एड. बरं. मी बी.एड. केलं. तुमचा शब्द कोण मोडणार?

दोन वर्षांनी अप्पा बळवंत चौकात तुमचं पुस्तक दिसलं. उभ्याउभ्याच चाळलं. मराठी इतकं सुंदर, की आधी ओळखूच आलं नाही. वाटलं, काय योगायोग, सरांना आणि मला अगदी सारखंच सुचलं! मग नकाशा उघडला.

तशीच तुमच्या घरी आले. पुस्तक समोर ठेवलं, बेटाचं पान नव्हे, नुसतं पुस्तक. तुम्ही चष्मा पुसलात.

"अगं, गुरूच्या पुस्तकात शिष्याचं थोडंफार असायचंच. तुला अभिमान वाटायला हवा."

तेवढ्यात काकूंनी पोहे आणले, आणि मी ते खाल्ले. लिंबूसुद्धा मागून घेतलं. त्या पोह्यांबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

त्यानंतर दर गुरुपौर्णिमेला फुलं घेऊन येत राहिले. तुम्ही दार उघडून "या, आफ्रिका!" म्हणायचात. मला ते आवडायचं, सर. काय करू?

बेटाबद्दल गप्प बसले, तो मात्र सूड होता. तुमचं पुस्तक अभ्यासाला लागलं. किती मुलांनी परीक्षेत ते बेट काढलं असेल, आणि तपासणाऱ्यांनी गुण दिले असतील! तुम्ही भाषणाला तो नकाशा टांगायचात, छडी त्या फोलपटावरून फिरायची, आणि मी पहिल्या रांगेत टाळ्या वाजवायचे. दुसरा सूड म्हणजे मराठी शिकले. हे पत्र वाचा आणि सांगा, आफ्रिका हसते आहे का?

तुमच्या नव्वदीच्या सत्काराची वाट बघत होते. सगळ्यांदेखत उठून विचारणार होते, सर, त्या बेटावर राहतं कोण? तर तुम्ही एकोणनव्वदाव्या वर्षीच निघून गेलात. शोभलं का हे?

आज दुपारी काकूंना फोन करून सगळं सांगितलं, फोलपटासकट. वाटलं, दुखावलं मी त्यांना. तुमचं-माझं काय असेल ते असो, त्यांनी माझं काय वाईट केलं होतं?

मग म्हणाल्या, "जन्मभर यांच्या टेबलावरची फोलपटं मीच झाडली. एवढं एक राहिलं होय?" आणि पुढे, "काय लिहायचं ते लिही. प्रकाशकांशी मी बोलते."

तेव्हा सर, शब्द देते. बेट मी खोडणार नाही. पानाच्या तळाशी एक टीप येईल, तुमच्याच शिस्तीतली. 'नकाशातील हे बेट अस्तित्वात नाही. ते लेखकाने खाल्लेल्या शेंगदाण्याचे फोलपट आहे. नकाशा आणि प्रकरणे तीन ते सहा यांचा आधार : सुनंदा, एम.ए. प्रबंधिका.' एकही विशेषण घालणार नाही.

येत्या गुरुपौर्णिमेला ती प्रत तुमच्या फोटोपुढे ठेवीन, ते पान उघडून. फुलं आणीनच. शेजारी वाटीभर भाजलेले शेंगदाणे.

सोललेले.

तुमची,
आफ्रिका