ह्यांचे चार मेल

मंगळवार, संध्याकाळ

आमच्या तान्ह्या सोनीला आज लस दिली. मांडी गरम लागतीये.

हे जहाजावर कुक आहेत. तिथं फोन लागत नाही, मेलच येतो. तीन आठवडे एकपण नाही. लय घाबरले होते, नको नको ते मनात यायचं. शेवटी शेजारच्या पल्लवीताईंना मोबाईल दाखवला, त्या कॉम्प्युटर शिकवतात. ह्यांचे चार मेल स्पॅममध्ये निघाले!

"अगं बाई, तूच शिकवलंस की मोबाईलला," ताई हसल्या. लॉटरीवाल्यांसोबत मी ह्या चारातला पहिला मेलपण स्पॅम केलेला. जहाजाचा नवाच इंग्रजी पत्ता, मला काय कळणार?

ताई म्हणाल्या, "लस दिली की अंग परक्याला ओळखायला शिकतं ना, तसंच हे स्पॅमचं गाळणंपण शिकतं. चुकीचं शिकवलं तर घरच्यालाच परकं समजतं."

चौथ्या मेलात ह्यांनी विचारलंय, सोनी मला ओळखेल का गं?

हे गेले तेव्हा ती तीन महिन्यांची होती. आता नऊ. मघाशी तिची गरम मांडी चोळत ह्यांचा फोटो दाखवला, तर तोंड फिरवून रडली. ह्यांना काय लिहू?

"ओळखते" असं लिहिलं. आता रोज फोटो दाखवीन. तुम्ही येईपर्यंत खरं करते. पण लवकर या हो.