पायदान लावणार नाही

११ मार्च २००४
रेल्वेतून रिटायर होऊन अकरा दिवस. लिलावात घेतलेली पिकअप आज घरी आली. मॉडेल १९८६, फोर बाय फोर. बॅटरी जुनी, पण चालेल. बुद्धपौर्णिमेला मायाला हिच्यातूनच सिरपूरला नेणार. तिथले विहार दाखवतो असं लग्नापासून, म्हणजे छत्तीस वर्षं सांगतो आहे. दर वेळी माझी एखादी सभा आडवी आली. या वेळी शब्द दिला.
माया दार उघडून आत बसली. म्हणाली, बरी आहे, गुडघा नाही दुखला.

१४ मार्च
पंडरीच्या सिग्नलवर संताप. शेजारी कुणा शेठच्या पोराची नवी, अवाढव्य गाडी. काच खाली करून वरून म्हणतो, चाचा, साइड में. वरून! चाळीस वर्षं मी उच्चनीचतेविरुद्ध बोललो ते यासाठी?
निर्णय. गाडी उंच करायची. सिरपूरचा रस्ता जंगलातला आहे. मायाची सुरक्षितता महत्त्वाची.

१९ मार्च
उरला वसाहतीत नत्थू मिस्त्रीच्या गॅरेजला. स्प्रिंगच्या कमानींवर लोखंडी ब्लॉक बसवून सहा इंच उंची. वर मोठे टायर. नत्थू म्हणाला, भैया, सिरपूर तक तो डामर रोड है. मी सांगितलं, डांबर हे सरकारचं आश्वासन आहे, आणि आश्वासनांवर गाडी चालवणाऱ्या समाजाचं काय होतं ते इतिहासात बघ. अर्धा तास बोललो. शेवटी म्हणाला, हव. म्हणजे इकडचं हो.
पटलं त्याला.

२ एप्रिल
टायर बसले. वळताना मडगार्डला घासतात. नत्थूने मडगार्ड कापलं. मग विचारतो, पायदान लगा दूं? भाभी कइसे चढ़ही?
भडकलो. पायरी म्हणजे उतरंड. ज्या व्यवस्थेने माणसांना पायऱ्यापायऱ्यांवर बसवलं, तिची खूण माझ्या गाडीला? पायदान लावणार नाही.
(एवढ्या टायरांशेजारी ते दिसतंही वाईट. तो मुद्दा वेगळा.)

४ एप्रिल
गाडी घरी. सीट मायाच्या छातीला. ती बघत राहिली. मग म्हणाली, जलमभर उच्चनीच मिटवाचे भाषणं देल्ले, अन् आता सोताच उंच होऊन बसले. आमची चेतना हसली. हिंदी मुलखात वाढली तरी मुलीला मराठी कळतं. हसायला नेमकं कळतं. उंची आणि उच्चता यांतला फरक दोघींना समजावला. ऐकत होतं कोण.
मायाने विचारलं, मी चढू कशी? म्हटलं, सराव.

५ एप्रिल
मी स्वतः चढताना घसरलो. नडगी सोलली. चेतनाने स्वयंपाकघरातलं लाल प्लास्टिकचं स्टूल आणून दिलं. वापरलं. स्टूल ही पायरी नव्हे. स्टूल हे फर्निचर आहे.

२१ एप्रिल
चाळीसच्या वर स्टिअरिंग थरथरतं. नत्थू म्हणतो, उंची कमी करा. सगळ्यांना माझी उंचीच का खुपते? तिसाने जाऊ. घाई हा बाजाराने लावलेला रोग आहे.

३० एप्रिल
मायाचा सराव. एक पाय स्टुलावर, दुसरा गुडघा सीटवर, आणि तिथेच अडकली. मी मागून रेटलं. शेजारचे श्यामराव कुंपणावरून बघत होते. धावत आले, तिला धरून उतरवलं. म्हणाले, भाऊ, पौर्णिमेले आमी बी सिरपूरले चाललो. अल्टोत जागा आहे. मी ठणकावलं, उपकार नकोत.
माया बराच वेळ त्या स्टुलावर बसून गुडघा चोळत होती.
नत्थूचा निरोप: पायदान बनवून ठेवलंय, कधीही या. काय हा आगाऊपणा.

३ मे
संध्याकाळी मायाने विचारलं, शेवटचं विचारून राहिली, पायदान लावता का नाही? वीस मिनिटं नीट, मुद्देसूद समजावलं. तिने सगळं ऐकलं. म्हणाली, हव.
पटलं.

४ मे, बुद्धपौर्णिमा, सकाळी ७.१०
पांढरा शर्ट. स्टुलावरून चढून स्टिअरिंगवर बसलो. रेडिओ लावला. हॉर्न वाजवला. माया येईना. पुन्हा वाजवला. मग वाजवतच राहिलो.

७.३०
माया बाहेर आली. पांढरं लुगडं, हातात डबा. तिने माझ्या दाराखालचं स्टूल उचललं. वाटलं, आपल्या बाजूला नेते आहे. तिने ते श्यामरावांच्या अल्टोत ठेवलं. मला म्हणाली, तिथं बसाले लागन मले. चेतना म्हणाली, बाबा, पीछे-पीछे आ जाना.
गेले.

७.४०
किल्ली फिरवली. नुसती टिकटिक. बॅटरी बसली. या देशात एक वस्तू धड बनत नाही. बॉनेट उघडायला हवं. म्हणजे उतरायला हवं.

९.१५
ऊन. पाय सोडून पाहिला, जमीन लागत नाही. उडी मारण्याचं वय नाही. छत्तीस वर्षांनी माया विहार पाहत असेल. दाखवणारा मी नाही.
समोरच्या कलावतीबाई फाटकाशी आल्या. विचारलं, भाऊ, काहून बसले? स्टूल आणू का? मी म्हटलं, नको, विचार करून राहिलो.
त्या गेल्या.
हव म्हणायला पाहिजे होतं.