सिद्धेशची बहीण

३ एप्रिल
परत लाटंबार्से, सिद्धेशचं गाव. आईला सांगितलं, सिद्धेशकडे काजू वेचायला माणसं कमी आहेत. खोटं नाही. पण मी त्यासाठी गेले नव्हते.
सि.ला मी 'हो' म्हटलं डिसेंबरात, कॉलेजच्या गेटवर. वर्गातल्या सगळ्याजणींचं कोणीतरी होतं, आणि हा सगळ्यांत बरा. तोवर मी त्याच्या बहिणीला पाहिलंही नव्हतं. हे लिहून ठेवते. सुरुवातीला तरी मी चोर नव्हते.

३ एप्रिल, संध्याकाळी
नेहा त्याच्यापेक्षा मोठी. डिचोलीला औषधांच्या कंपनीत पॅकिंगला जाते. आज सुट्टी. बोंडू पिरगळून बी कशी सोडवायची ते तिने माझा हात धरून दाखवलं. मला येत होतं. आमच्या गावी, पार्शात, आमचीही झाडं आहेत. बोलले नाही.
हाताला अजून बोंडवांचा वास.

११ एप्रिल
झालं. काजूच्या बागेत, वरच्या अंगाला. आधी मी ओठ टेकवले की आधी तिने, कळलं नाही. बहुतेक मी.
खालून सि. हाक मारत होता, "केतकी! पाणी हाडलां गो!" थंडगार बाटली. आधी मला दिली, मग बहिणीला. मी गटागटा प्यायले म्हणून हसला.

१२ एप्रिल
कॉलेजला गेले नाही. सि.चे मेसेज. ताप आहे म्हटलं. म्हणाला, डॉक्टरकडे न्यायला येऊ?
असा का आहे तो. जरा वाईट असता तर.

२६ एप्रिल
शिरगावची जत्रा जवळ आली. सि. धोंड आहे, तिथल्या देवीचा व्रतकरी. व्रताला बसला की घर सोडून बाकीच्या धोंडांबरोबर राहतो, तिथेच शिजवून जेवतो. त्याची आईही आज तिकडे. मी लाटंबार्शात. नेहा आणि मी, अख्खं घर.
दुपारी त्याचा फोन. न.चं डोकं माझ्या मांडीवर. "देवीक तुजें नांव घेतलां," म्हणाला. न.ला ऐकू गेलं. ती छताकडे बघत राहिली, मग उठून भांडी घासायला गेली. घासलेलीच भांडी.

४ मे
न.ला स्थळ आलंय, पेडण्याचं. मला वाटलं, रडेल. तर तिचा सगळा बेत तयार: मी त्या घरची सून, आणि ती लग्न न करता तिथेच!
"तू सिद्धेशाक हो म्हण. लग्न करून आमच्या घरांत यो. हांव खंयच वचना. लग्नाक ना म्हणत रावतां."
"आणि सिद्धेशाचें कितें?"
"ताका कितें कळटा?"
स्वतःच्या भावाबद्दल. मला तिचा राग यायला हवा होता.

७ मे
राग आलाच नाही. दोन दिवस मी त्या घरात राहून आले, मनात. सकाळी न. डबा भरतेय, मी चहा ओततेय, अंगणात दोघींचे कपडे वाळताहेत. सगळं दिसलं. सि. कुठेच दिसला नाही. ताटं मांडताना त्याचंच विसरत होते.
किळस आली स्वतःची.

९ मे
सि.ची आई रविवारी येणार आमच्याकडे. 'सहज'. आईने नवे पडदे लावले.

१० मे
सांगितलं. डिचोलीच्या बसस्टँडजवळच्या हॉटेलात. भाजी-पाव मागवला होता. माझ्या ताटलीतला उंडो-पाव त्याने नेहमीसारखा मोडून दिला, तेव्हाच बोलून टाकलं. माझ्याने होणार नाही. लग्नही नाही, हेही नाही.
"दुसरो कोण आसा?"
मी पाव भाजीत बुडवला. खोटं बोलायला हवं होतं का?
"हांव वळखतां ताका?"
मी पाव तसाच खाली ठेवला. त्याने मान हलवली, जसं काही मी 'हो, ओळखतोस' म्हटलंय. बिल दिलं. म्हटलं, मी बसने जाईन. ऐकलं नाही. पार्शापर्यंत सोडलं. खड्डा आला की वेग कमी करत होता, मला धक्का बसू नये म्हणून.

१२ मे, रविवार
आले. त्याची आई नाही. न., आणि तिला घेऊन तो. आत आला नाही, फाटकाबाहेर स्कूटरवर बसून राहिला. आईने बोलावलं तर, "बरें आसां हांगाच, काकी."
न. माझ्या खोलीत. डोळे सुजलेले.
"ताणें धाडलां माका," म्हणाली. "रडटा तो. म्हणटा, तुका सांगतली ती. कोण तो विचारून यो."
जिचं नाव विचारायचं, तिलाच विचारायला पाठवलं होतं. मग तीच: "गांवाभायलो चलो कोणूय म्हणून सांगतां."
"किती खोटं बोलायचं त्याच्याशी?"
"तुजें बरें. तू सुटलें. म्हजें घर गो तें!"
मी म्हटलं, मग मीच सांगते, आत्ता. तिने मनगट धरलं. सोडेना. मीही हिसडा दिला नाही. भिऊन की तिने धरलं होतं म्हणून, माहीत नाही.
आई त्याला बाहेर चहा देऊन आली. "किती गुणी चलो," म्हणाली माझ्याकडे बघून.
न. तोंड धुऊन बाहेर गेली. मी खिडकीशी. ती त्याच्या मागे बसली. त्याने स्कूटर चालू केली नाही, मान वळवून विचारलं. तिची पाठ माझ्याकडे. ती बोलत होती. एवढा वेळ? गावाबाहेरचा मुलगा सांगायला एवढा वेळ लागत नाही.
मग त्याने खिडकीकडे पाहिलं.
मी बाजूला झाले नाही.